‘लॉरा’तला सैल तपास आणि निर्दोष आवाज

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत ‘लॉरा’ या १९४४ सालच्या अमेरिकी रहस्यपटावर प्रसिद्ध झालेला लेख मी दोन वेळा वाचला आणि त्यानंतर तो चित्रपटही कागद-पेन्सिल हाताशी घेऊन पुन्हा एकदा पाहिला. लेखकाचे या चित्रपटावरचे प्रेम मनाला भिडले, परंतु त्यांनी दिलेले दोन निर्वाळे मला मान्य करता येत नाहीत. त्यांचे पहिले म्हणणे असे की, या खुनाची उकल इतकी बांधेसूद आहे की तिच्यात बोट ठेवायला जागा नाही. दुसरे असे की, चित्रपटात एकच मोठी चूक आहे आणि ती म्हणजे ज्या माणसाच्या आवाजात कथा सुरू होते तो शेवटी मरतो, तेव्हा मेलेला माणूस कथा सांगतो कशी, याचे उत्तर आपल्याला मिळत नाही. मी पोलीस खात्यात ३१ वर्षे काढली आणि त्यातला बराच काळ गुन्ह्यांच्या तपासातच गेला. त्या सवयीने पाहता मला गोष्ट नेमकी उलटी दिसते. तपास जागोजागी सैल आहे. आवाजावर ठेवलेला आरोप मात्र टिकत नाही.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी हे पत्र येथेच बाजूला ठेवावे, अशी विनंती आहे, कारण खुनी कोण हे सांगितल्याशिवाय या विषयावर धड काही बोलता येत नाही. इतरांच्या आठवणीसाठी कथा थोडक्यात देतो. न्यूयॉर्कमधील एका जाहिरात संस्थेत स्वतःच्या हुशारीने वर आलेल्या लॉरा हंट हिचा शुक्रवारी रात्री तिच्याच घराच्या दारात छर्ऱ्याच्या बंदुकीने खून होतो आणि मयताचा चेहरा ओळखता येऊ नये इतका बिघडतो. तपास मार्क मॅकफर्सन या अधिकाऱ्याकडे येतो. संशयितांत तिघे आहेत. एक, वृत्तपत्रात स्तंभ लिहिणारा आणि नभोवाणीवर बोलणारा वाल्डो लायडेकर, ज्याच्या समजुतीप्रमाणे लॉराला त्यानेच घडवले. दुसरा, तिच्याशी लग्न ठरत आलेला गोडबोल्या, ऐतखाऊ शेल्बी कार्पेंटर. आणि तिसरी, त्याच शेल्बीवर जीव आणि पैसा दोन्ही उधळणारी, लॉराच्या नात्यातली श्रीमंत बाई अ‍ॅन ट्रेडवेल. चित्रपटाच्या साधारण मध्यावर एका पावसाळी रात्री लॉरा स्वतःच जिवंत घरी परत येते. मेली ती डायान रेडफर्न नावाची मॉडेल, जिला शेल्बीने लॉराच्या गैरहजेरीत तिच्या घरी आणले होते.

सर्वप्रथम, जे उत्तम आहे ते उत्तम म्हटलेच पाहिजे, आणि त्यात चित्रपटाची पहिली पाचसात मिनिटे येतात. पडद्यावर वाल्डोच्या घरातील मौल्यवान वस्तूंवरून कॅमेरा संथपणे फिरत जातो, एका उंच जुन्या घड्याळापाशी येतो, आणि वाल्डोचा आवाज आपल्याला सांगून टाकतो की या घड्याळाची जोडी जगात एकच असून ती लॉराच्या घरी, ज्या खोलीत खून झाला त्याच खोलीत आहे. खुनाचे हत्यार शेवटी त्या दुसऱ्या घड्याळाच्या पोटात सापडते. म्हणजे मुद्देमाल कोठे लपवला आहे हे खुद्द खुन्याने पहिल्याच मिनिटात सांगितलेले असते, आणि आपण ते एका शौकीन माणसाची बढाई म्हणून ऐकून सोडून देतो. एवढ्या उघडपणे सांगून इतके लपवणे रहस्यकथेत फार थोड्यांना साधते.

त्याच प्रसंगात आणखी एक सूत्र आहे. मॅकफर्सन वाल्डोला त्याच्या दोन वर्षांपूर्वीच्या एका लेखाची आठवण करून देतो. त्या लेखात वाल्डोने एका जुन्या खुनाचे वर्णन करताना छर्ऱ्याच्या बंदुकीचा उल्लेख केला होता, प्रत्यक्षात मात्र तो खून खिडकीच्या चौकटीतील लोखंडी वजनाने झाला होता. वाल्डो टबात बसून टंकलेखन करीत असतो आणि आपली चूक तो तिथूनच ऐटीत झटकून टाकतो. मी नोकरीत असताना माझ्या हाताखालच्या मुलांना एक गोष्ट नेहमी सांगत असे, ती ही की माणूस खोटे काय बोलला यापेक्षा चुकून काय बोलला ते वहीत लिहून ठेवावे. मॅकफर्सनने ते लिहून ठेवले आहे, हे पाहून त्या पहिल्या भेटीत मला त्याच्याविषयी आदर वाटला होता.

तो आदर पुढे फार वेळ टिकत नाही, तरी सुरुवातीच्या चौकशीत त्याने मिळवलेल्या दोन गोष्टींचे श्रेय त्याला द्यावे लागेल. शेल्बी सांगतो की खुनाच्या रात्री आपण संगीताच्या मैफलीला होतो, आणि ब्राम्स व बीथोव्हन यांच्या रचना ऐकल्याचे ठामपणे सांगतो. त्या रात्री मात्र आयत्या वेळी कार्यक्रम बदलून केवळ सिबेलियसच्या रचना वाजवलेल्या असतात. हा सापळा इतका साधा आणि इतका खरा आहे की तो कोणत्याही ठाण्यात शिकवण्यास हरकत नाही. दुसरे, लॉराची मोलकरीण बेसी. तिला पोलिसांचा मनस्वी तिटकारा आहे, पोलीस दिसला की थुंकायचे असे लहानपणीच शिकवले गेल्याचे ती तोंडावर सांगते, आणि मॅकफर्सन तिला शांतपणे म्हणतो की थुंकून बरे वाटणार असेल तर थुंक. त्या एका उत्तराने तिचा विरोध ढिला पडतो आणि मालकिणीची बदनामी होऊ नये म्हणून आपण पोलीस येण्यापूर्वीच दारूची बाटली हलवून पेले धुऊन ठेवल्याचे ती कबूल करते. पुरावा नष्ट करणाऱ्यांत वाईट हेतूचे लोक जितके असतात तितकेच प्रेमाने आंधळे झालेलेही असतात, हे ज्या पटकथाकाराला सुचले त्याने माणसे जवळून पाहिलेली असावीत.

आता दोषांकडे वळतो. तपास अधिकारी स्वतः ज्याच्यावर संशय घ्यायला हवा त्या वाल्डोलाच पहिल्या दिवसापासून बरोबर घेऊन फिरतो. वाल्डोला गुन्हेगारीच्या विषयात रस आहे आणि त्याने सोबत येऊ देण्याची विनंती केली, एवढेच त्याला कारण. इतर संशयितांचे जबाब त्याच्यासमक्ष होतात. म्हणजे कोण काय बोलले आणि पोलिसांना काय ठाऊक आहे, हे सारे त्याला आयते कळत राहते. न्यूयॉर्कच्या पोलिसांना आमच्याकडची फौजदारी प्रक्रिया लागू नव्हती, हे मला समजते, परंतु संशयिताला जबाबाच्या खोलीत बसवू नये हे कळण्यासाठी कोणत्याही कायद्याचे पुस्तक उघडावे लागत नाही. एखादा चाहता म्हणेल की मॅकफर्सनने त्याला मुद्दाम जवळ ठेवले. तसे असते तर त्याच्यावर बारीक लक्ष असल्याचे निदान एखाद्या नजरेतून तरी दिसले असते.

मयताची ओळख चुकली, यावर मात्र माझा फारसा आक्षेप नाही, आणि याबाबत आपल्या लेखकाने घेतलेला बचाव मला अनुभवाने पटतो. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत नदीकाठी सापडलेल्या एका प्रेताची ओळख अंगावरच्या सदऱ्यावरून आणि हातातल्या कड्यावरून पटवण्यात आली, सख्ख्या भावाने रडत रडत पंचनाम्यावर सही केली, आणि दहाव्याच्या दिवशी तो गृहस्थ पिशवी घेऊन घरी आला. सदरा त्याने दुसऱ्या कोणाला दिला होता आणि कड्यासारखे कडे बाजारात शंभर मिळतात. माणसे प्रेताकडे नीट पाहत नाहीत, ती आधीच मनात धरलेल्या माणसाला तेथे पाहतात. लॉराचे घर, लॉराचे कपडे, लॉराचे दार. मग आतली बाई लॉराच, असे सर्वांनी धरले तर ते मला अशक्य वाटत नाही. माझी तक्रार एवढीच की पोलिसांनीही तसेच धरले. बोटांच्या ठशांची जगातली पहिली कचेरी १८९७ साली आपल्याकडे कलकत्त्यात निघाली होती, आणि चित्रपटातल्या मोलकरणीलाही वस्तू धुवायच्या-पुसायच्या असतात एवढे कळते. चेहरा शिल्लक नसलेल्या बाईचे ठसे तिच्या घरातील आरशावरच्या किंवा अत्तराच्या बाटलीवरच्या ठशांशी ताडून पाहावेत हे मात्र कोणालाच सुचत नाही. हे सुचले असते तर चित्रपट अर्ध्या तासात संपला असता, हेही खरे.

याच सैलपणातून चित्रपटातला सर्वांत सुंदर प्रसंग निर्माण होतो, आणि माझ्यासारख्या माणसाची येथे पंचाईत होते. रात्रीची वेळ, बाहेर पाऊस, आणि मॅकफर्सन त्या रिकाम्या घरात एकटाच. तो तिची पत्रे चाळतो, कपाट उघडतो, तिच्या अत्तराचा वास घेतो, खणातला रुमाल हातात धरून ठेवतो, दारू ओतून घेतो, आणि पुन्हा पुन्हा भिंतीवरच्या तिच्या मोठ्या तसबिरीसमोर येऊन थांबतो. या सगळ्यात संवाद जवळजवळ नाहीत. डेव्हिड रॅक्सिन यांची ती एकच धून पार्श्वभूमीला आहे, आणि जोसेफ लाशेल यांचा कॅमेरा त्याच्या मागोमाग त्याला न डिवचता फिरतो. लाशेल यांना त्या वर्षीचे कृष्णधवल छायाचित्रणाचे ऑस्कर मिळाले, आणि केवळ या प्रसंगासाठी ते दिले असते तरी माझी तक्रार नसती. मध्येच वाल्डो येऊन टोमणा मारतो की प्रेताच्या प्रेमात पडलेला रुग्ण वेड्यांच्या इस्पितळाने अजून पाहिला नसेल. घटनास्थळी दारू पिऊन झोपी जाणारा तपास अधिकारी माझ्या हाताखाली असता तर मी त्याला त्याच दिवशी तपासातून दूर केले असते. पण या प्रसंगात त्याचे चुकणे हाच विषय आहे, दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजर ते जाणून आहेत, आणि म्हणून येथला सैलपणा मी दोष मानीत नाही. खुर्चीत झोपलेल्या त्या माणसाकडे कॅमेरा हळूच जवळ जातो, थांबतो, मागे येतो, आणि दार उघडून भिजलेल्या टोपीत लॉरा उभी राहते. पुढचे सारे त्याचे स्वप्न आहे असे मानणारे रसिक आहेत, ते याच हालचालीवर बोट ठेवतात. मी त्या पंथाचा नाही, तरी त्यांच्या शंकेला त्या चौकटीत आधार आहे हे नाकारता येणार नाही.

आपल्या लेखकाशी माझा खरा वाद येथून पुढे सुरू होतो. लॉरा परत येईपर्यंत पोलिसाचे प्रत्येक बेशिस्त वागणे त्याच्या मनाचा आजार दाखवते. ती परत आल्यावर तीच बेशिस्त पटकथेची सोय बनते. लॉरा आता मयत राहिलेली नाही, ती संशयित आहे. तिच्या घरात, तिच्या कपड्यांत, तिच्याशी लग्न ठरलेल्या पुरुषाने आणलेली दुसरी बाई मेली आहे. इतका स्पष्ट हेतू मला दुसऱ्या कोणाचाही दिसत नाही. मॅकफर्सन तिला घर न सोडण्याची आणि दूरध्वनी न करण्याची ताकीद देतो, आणि ती मोडली जाईल अशी सोय ठेवून निघून जातो. त्याला तिच्याकडून पहिल्यांदा जाणून घ्यायचे असते ते शेल्बीशी लग्न करण्याचा विचार तिने सोडला की नाही. तपासाशी या प्रश्नाचा संबंध आहे, हे मी मान्य करीन, पण तिचे उत्तर ऐकून त्याच्या चेहऱ्यावर उमटणाऱ्या समाधानाचा तपासाशी काहीही संबंध नाही.

मग येतो तो समारंभ. सर्व संशयितांना एका खोलीत जमवायचे, वरिष्ठांना सर्वांच्या देखत दूरध्वनीवर सांगायचे की आता अटक करतो, आणि मग सावकाश एकेकाजवळून फिरत जाऊन शेवटी लॉराचा हात धरायचा, हे वरवर पाहता रंगतदार आहे, परंतु त्यातून कोणाकडून नेमके काय मिळवायचे होते हे मला आजतागायत समजलेले नाही. या प्रसंगात खरी किंमत आहे ती प्रसाधनाच्या खोलीतल्या छोट्या संवादाची. जुडिथ अँडरसन यांनी रंगवलेली अ‍ॅन लॉराला सांगते की शेल्बीला मीच शोभते, कारण आम्ही दोघेही दुबळे आहोत. आणि मी खून केलेला नाही, पण खुनाचा विचार माझ्या मनात आला होता. हे ती रडून किंवा ओरडून सांगत नाही, आरशात पाहून पावडर लावता लावता सांगते. मी जितके कबुलीजबाब ऐकले त्यांतले खरे जबाब बहुतेक असेच कोरड्या आवाजात आले होते. व्हिन्सेंट प्राइस यांचा शेल्बीही असाच अचूक आहे. उंचापुरा, देखणा, आणि हाडात कणा नसलेला.

ठाण्यात नेल्यावर मॅकफर्सन लॉराच्या चेहऱ्यावर दोन प्रखर दिवे लावतो आणि थोड्या वेळाने ते स्वतःच मालवतो. हा क्षण चांगला आहे. पण आपण तिला येथे का आणले याचे जे स्पष्टीकरण तो देतो, की खात्री होत आली होती तरी सरकारी वातावरणात एकदा विचारावेसे वाटले, ते ऐकून माझ्या शेजारी बसलेली माझी भाची मोठ्याने हसली, आणि मला तिला गप्प करता आले नाही.

शेवटच्या रात्रीची चूक मात्र अक्षम्य आहे. वाल्डोच्या घरातले घड्याळ फोडून आत पोकळी असल्याचे मॅकफर्सनला कळते, तो तडक लॉराच्या घरी येतो, तिथले घड्याळ उघडतो आणि आत खुनाची बंदूक सापडते. इतके दिवस पोलीस त्या खोलीत वावरत होते आणि कोणी घड्याळाचे दार उघडले नाही, हेही एक वेळ सोडून देऊ. हत्यार सापडल्यावर मॅकफर्सन काय करतो? ते जेथे होते तेथेच परत ठेवतो आणि सकाळी नेऊ म्हणतो. साक्षीदार नाही, जप्ती नाही, पहारा नाही. घरात ती बाई एकटी आहे, तिच्या जिवावर उठलेला माणूस मोकळा आहे, त्या घड्याळाची खोच त्याला ठाऊक आहे, आणि हा गृहस्थ तिला दार लावून घ्यायला सांगून जिना उतरतो. खाली त्याचा माणूस सांगतो की वाल्डो इमारतीतून बाहेर पडलेलाच नाही. दरम्यान वाल्डो मागच्या वाटेने आत शिरून तीच बंदूक काढतो आणि तिच्यात काडतुसे भरतो. शेवटच्या पाच मिनिटांचा सगळा थरार एका अधिकाऱ्याने मुद्देमाल जागेवर सोडण्यावर उभा आहे. पहिल्या अर्ध्या भागात असे घडले असते तर मी म्हटले असते की तो भ्रमिष्ट झाला आहे. पण आता लॉरा त्याला मिळालेली आहे, त्याचे डोके ताळ्यावर आहे, खुनी कोण ते त्याला कळले आहे. येथे वेडेपणा पात्राचा नसून पटकथेचा आहे, आणि चौघा-पाचजणांचा हात लागलेल्या त्या पटकथेत एकानेही हे पान परत लिहिले नाही याचे मला नवल वाटते. अशा उकलीला ‘बांधेसूद’ म्हणणे मला तरी जड जाते.

दुसरा एक उणेपणा कमी गाजावाजाचा, पण माझ्या मते अधिक खोल आहे. ज्या व्हेरा कॅस्परी यांच्या १९४३च्या कादंबरीवर चित्रपट बेतला आहे, त्या कादंबरीत कथा वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडून पुढे जाते आणि एक भाग खुद्द लॉराच्या तोंडी आहे. चित्रपटाने वाल्डोचा आवाज ठेवला, मॅकफर्सनचे डोळे ठेवले, आणि लॉराची बाजू गाळली. तिची कहाणी आपल्याला वाल्डो उपाहारगृहात बसून सांगतो: लेखणीच्या जाहिरातीवर सही मागायला आलेली धीट मुलगी, तिचा त्याने आधी केलेला अपमान, नंतर मागितलेली माफी, मग तिला शिकवणे, मिरवणे, आणि जेकोबी या चित्रकाराशी तिची मैत्री वाढताच त्याला आपल्या स्तंभातून संपवणे. जीन टिअर्नी त्या वेळी तेवीस वर्षांच्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक अलिप्तता आहे, जी तसबिरीला शोभते. पण जिवंत बाई परत आल्यावरही ती बरीचशी तसबीरच राहते. मी स्वतःच्या इच्छेविरुद्ध कोणाला बांधली गेले नाही आणि जाणार नाही, असे ती एकदा ठणकावते. त्या वाक्यातली बाई मला उरलेल्या चित्रपटात आणखी हवी होती.

तसबिरीचा विषय निघालाच आहे, तर एक गंमत सांगतो. ती खरे तर जीन टिअर्नी यांच्या छायाचित्राची मोठी प्रत असून तिच्यावर रंगाचे हात फिरवून तैलचित्राचा भास निर्माण केलेला आहे. चित्रपटात वाल्डो म्हणतो की जेकोबीला तिच्यातली ऊब पकडता आली नाही. या विषयात त्या खुन्याचे मत अगदी बरोबर होते.

आणि वाल्डो. क्लिफ्टन वेब हे मुख्यतः रंगभूमीचे नट. मूकपटांच्या काळानंतर ते पडद्यावर जवळपास दिसलेच नव्हते, आणि ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचे सर्वेसर्वा डॅरिल झॅनक यांचा त्यांना घेण्यास विरोध असताना प्रेमिंजर यांनी त्यांच्यासाठी हट्ट धरला. चित्रण मुळात रूबेन मामुलियन यांनी सुरू केले होते. त्यांना दूर करून निर्माता असलेल्या प्रेमिंजर यांनी दिग्दर्शनही हाती घेतले. एवढ्या ओढाताणीतून बाहेर आलेल्या चित्रपटात एक पात्र पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत एका सुरात राहते, ते वाल्डोचे. तो विनोदी आहे, क्रूर आहे, आणि त्याची मालकीची भावना प्रेमाच्या भाषेत इतकी सफाईने बोलते की बराच वेळ आपण तिला प्रेमच समजतो. १९४६ साली पॅरिसमध्ये युद्धकाळातील अमेरिकी चित्रपट एकदम दाखल झाले आणि नीनो फ्रांक या समीक्षकाने अशा चित्रपटांना ‘फिल्म न्वार’ हे नाव दिले, त्या चित्रपटांत ‘लॉरा’ होता. अंधाऱ्या गल्ल्या, पावसाळी रस्ते आणि सिगारेटचा धूर ही त्या प्रकाराची ओळख आज झाली आहे. ‘लॉरा’त गल्ल्या जवळजवळ नाहीतच, सगळे उंची दिवाणखाने आहेत. काळोख आहे तो वाल्डोच्या बोलण्यात.

यामुळेच त्याच्या आवाजावर घेतलेला आक्षेप मला तपासून पाहावासा वाटला. कोणताही जबाब हाती आला की आम्ही पहिल्यांदा त्यावरची तारीख पाहतो. या जबाबावर तारीख नाही, तेव्हा ती मजकुरातून काढावी लागते. चित्रपटाच्या सुरुवातीला आवाज म्हणतो की ज्या शनिवार-रविवारी लॉरा मेली तो मी कधीच विसरणार नाही. पुढे म्हणतो की तिला खऱ्या अर्थाने मीच एकटा ओळखत होतो, आणि मी तिची कथा लिहायला नुकतीच सुरुवात केली होती, तोच आणखी एक पोलीस मला भेटायला आला. हा मजकूर भूतकाळात आहे, म्हणजे तो पोलिसाच्या पहिल्या भेटीनंतरचा असला पाहिजे. आणि बोलणाऱ्याला लॉरा मेल्याची खात्री आहे. ती जिवंत असल्याचे कळल्यावर ‘लॉरा मेली’ असे वाक्य वाल्डोने आठवण म्हणून उच्चारण्याचे कारण उरत नाही. मग हा जबाब पोलिसाची भेट आणि लॉराचे परत येणे यांच्या दरम्यानच्या थोड्याशा दिवसांतलाच ठरतो. त्या दिवसांत वाल्डो धडधाकट जिवंत होता, लेखक होता, स्वतःच सांगितल्याप्रमाणे तिची कथा लिहीत होता, आणि आपण तिला मारले आहे अशी त्याची समजूत होती. मेलेला माणूस येथे कोठेच बोलत नाही. एक जिवंत खुनी आपल्या बळीचा मृत्युलेख लिहीत आहे आणि तो आपण ऐकत आहोत.

माझी भाची, जिचा उल्लेख वर आला, तिने यावर हरकत घेतली की मग हा आवाज मध्येच बंद का पडतो. मी म्हणतो, तो बंद पडायलाच हवा. लॉरा परत येईपर्यंत तिच्यावर वाल्डोची मालकी आहे. ती मेली आहे, आणि मेलेल्या बाईची कथा ज्याच्या हाती लेखणी आहे त्याची. ती दारातून आत आली की लिहिलेली सर्व पाने रद्दी होतात, आणि त्यानंतर वाल्डोला लिहायला काही उरत नाही, पुन्हा बंदूक उचलण्याखेरीज. आश्चर्य असे की हे उत्तर चित्रपट बनवणाऱ्यांनाही कदाचित पूर्णपणे ठाऊक नसावे, कारण झॅनक यांनी एके काळी शेवट बदलून सगळी कथा वेगळ्याच रीतीने उलगडणारा दुसरा शेवट चित्रित करून घेतला होता, आणि खासगी खेळात तो कोणाला समजेना तेव्हा मूळ शेवट परत बसवण्यात आला.

शेवटच्या प्रसंगात लॉरा नभोवाणी लावते आणि वाल्डोचा ठरलेला कार्यक्रम ऐकू लागतो. तो आधी मुद्रित केलेला असतो. आवाज यंत्रातून प्रेमाविषयी बोलत आहे आणि त्या आवाजाचा धनी मागच्या खोलीत काडतुसे भरीत आहे. वाल्डोचा आवाज वाल्डोला सोडून वेगळा फिरू शकतो, हे ज्या चित्रपटाने आपल्या डोळ्यांदेखत दाखवले आहे, त्याच्यावर ‘आवाज कोठून आला’ हा आरोप ठेवणे मला अन्यायाचे वाटते. बंदूक घड्याळात परत का ठेवली, हा प्रश्न मात्र आपल्या लेखकाने अवश्य विचारावा, आणि त्यांना त्याचे उत्तर सापडल्यास ते याच पुरवणीत प्रसिद्ध करावे, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पोलीस निरीक्षक, सातारा